आईचा पास

आमच्या घरात ‘पास’ हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडायचा आणि दर वेळी अर्थ निराळा. बाबा बसचे कंडक्टर. त्यांच्या लेखी पास म्हणजे फोटो चिकटवलेलं, शिक्का मारलेलं कार्ड. बस पासिंगला गेली की त्यांना सुट्टी, आणि सुट्टीत पत्ते मांडले की हातात राजा असूनही ते “पास” म्हणायचे, कारण जोखीम घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मावशी येऊन तासन्‌तास गप्पा हाणायची, तो टाइमपास. हा शब्द जपून उच्चारायची ती फक्त आई.

सदतिसाव्या वर्षी ती मॅट्रिकला बसली होती. आधी एकदा आपटली होती. “या खेपेला गेले तर पुस्तकं रद्दीत,” असं तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, आणि आई एकदा बोलली की बोलली.

निकालाच्या दिवशी तिचा पाय घराबाहेर पडेना, म्हणून मला पाठवलं. मी तेरा वर्षांची. फळ्यावर तिचा नंबर नव्हता. तीनदा पाहिलं. शेवटी शिपायाने कीव येऊन आतून विचारून आणलं: गणितात चार मार्क कमी.

परतताना डेपोत तिच्या बसपासचं काम होतं. क्लासला जायला लागायचा तो पास. खिडकीतून नवंकोरं कार्ड हातात पडलं. शेजारीच कंट्रोलर बसलेले, एका कानाने अधू.

“काय गं, निकाल काय?”

कार्ड दाखवत मी म्हटलं, “आईचा पास झाला. बाबांना सांगा,” आणि धूम ठोकली. खोटं बोलले नाही, असं स्वतःला बजावत होते. पण त्यांना काय ऐकू जाणार हे मला पुरतं ठाऊक होतं.

मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी आले, तर गल्लीच्या तोंडाशी बाबांची बस! तिथे थांबा नव्हताच. ड्रायव्हरकाका हॉर्न दाबून बसलेले, खिडक्यांतून लोक टाळ्या वाजवत होते आणि पत्त्यांतसुद्धा जोखीम न घेणारे माझे बाबा पायरीवरून ओरडत होते, “आमची मंडळी पास झाली हो!” आई दारात उभी राहून हसत होती, रडत होती. तिला इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.

बस गेल्यावर स्वयंपाकघरात मी सगळं सांगून टाकलं. तिने मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“किती मार्कांनी?”

“चार.”

तिने कपाटातून पुस्तकं काढली, सुतळीने करकचून बांधली आणि दाराशी ठेवली. संध्याकाळी बाबांना कळलं. “अगं, आता उद्या पहिल्या फेरीला मी काय तोंड दाखवू?”

“अहो, तोंड मी दाखवते,” आई म्हणाली.

सकाळी गठ्ठा काखेत मारून ती बसमध्ये चढली, मागोमाग मी. रद्दीवाला चौथ्या थांब्यावर. रोजचीच माणसं, त्यामुळे अभिनंदनाचा एकच गलका झाला. आईने नवा पास उंच धरला.

“काल झाला तो हा पास. मी नापास झालेय. गणितात, चार मार्कांनी.”

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात बँकेतल्या बाई म्हणाल्या, “चारच ना? अहो, चार मार्क म्हणजे एक गणित. बसा इथे. कुठलं अडतं, दाखवा.”

सुतळीची गाठ सुटेना. शिंपीकाकांनी पिशवीतून कात्री काढून ती सरळ कापली. पुस्तक उघडलं, कुणीतरी पेन दिलं, दोघंतिघं पाठीमागून वाकून आपलंच खरं करू लागले. आज इतक्या वर्षांनी त्या माणसांसाठी जीव तुटतो. त्यातल्या एकाचंही नाव मी कधी विचारलं नाही.

चौथा थांबा आला. बाबांनी एक घंटी मारली, बस थांबली.

“अगं, उतरतेस ना?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

आईने मान वर केली नाही. “गप्प बसा हो जरा, चिन्ह चुकेल माझं.”

बाबांनी घाईघाईने डबल बेल दिली.