बेळगावला राहायचं ठरलं होतं

हंबीररावांच्या पेन्शनीनंतर बेळगावला राहायचं, असं त्यांचं आणि बायकोचं, संयोगिताचं, ठरलं होतं. फौजेतल्या शेवटच्या वर्षी संध्याकाळी चहाबरोबर हाच विषय. डेहराडूनची हवा गोड, पण थंडी गुडघ्यांत शिरते. गोव्याचं घरभाडं ऐकूनच घाम फुटतो. फलटणजवळच्या आपल्या गावात घर आयतं, माजी सैनिकाला घरपट्टी माफ, भाजी रानातली. पण शेजारी साखर कारखाना. गाळपाचा हंगाम लागला की धुण्यावर, पिठावर, पापण्यांवर काजळी उतरायची आणि संयोगिताचा दमा जागा व्हायचा. कर्नाटकात गाडीचा रोड टॅक्स जबर, तरी बेळगावला लष्कराचं हॉस्पिटल जवळ. तिथं बदलीवर होते तेव्हा तिला रात्रभर झोप लागायची.

"गावाला कवा सांगायचं?" तिनं विचारलं होतं.

"मिरवणुकीत. माईक हातात येतोच. एकदाच सांगून टाकतो."

इथंच चुकलं.

जवान निवृत्त झाला की गाव त्याला वेशीवरून वाजतगाजत आणतं. उघड्या जीपमध्ये दोघं शेजारी उभी. हनुवटीपर्यंत हार, वरून गुलाल. संयोगितानं पदर नाकाशी धरला तर बायकांना वाटलं, लाजली. दारात मोठी जाऊ मनुबाई ताट घेऊन उभी. ओवाळता ओवाळता तिनं गळा काढला:

"सुभेदार आलं गं, जीप थांबली दारात,
जाऊबाई माझी आता नांदंल घरात."

"नांदशील न्हवं? का पळशील पुन्ना?" मनुबाईनं विचारलं.

बायका हसल्या. अशा वेळी हसून मान हलवायची असते. तिनं हलवली.

मग सत्काराला सगळी पारावर आली. थोरले दीर केरबा माईकपुढं आले. "हंबीरानं देश राखला, म्या रान राखलं. आता माजं गुडघं ग्यालं. आजपास्नं ह्यो घराचा कर्ता!" आणि त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा उतरवून धाकट्याच्या डोक्यावर ठेवला. भर गावात थोरल्याचं डोकं उघडं पडलं. म्हातारी माणसं डोळे पुसू लागली.

गर्दीतनं भावकीतला जोतीराम ओरडला, "बेळगावात घर बगतुयास म्हनं रं गड्या? कानडी येतंय का?"

हशा पिकला. माईक हंबीररावांच्या हातात आला. संयोगिता त्यांच्या ओठांकडं बघत राहिली.

"छ्या! आता कुटं जातुय? हितंच की."

ढोल दणाणला. तिला खोकल्याची उबळ आली, ती कुणाला ऐकू गेली नाही. हंबीरराव तिच्या शेजारी बसले, पुटपुटले, "दादांचं उगडं डोकं बगून त्वांडच उगडंना गं. ह्यो हंगाम काड. मग बगू."

"आवं, हंगामच निघत न्हाई मला. मी सोमवारी जाते. घर बगून ठेवलंय. तुमी या, जमंल तवा."

"एकली? लोक काय म्हनतील?"

"माज्या छातीला इचारा, ती काय म्हनती."

हंबीरराव ताडकन उठले. फेटा डोळ्यांवर आला होता. लोकांना वाटलं, सुभेदारांना आणखी बोलायचंय. कुणीतरी माईक पुन्हा हातात दिला. ढोल थांबला. केरबा उघड्या डोक्यानं वर बघत होते.

"जय हिंद," हंबीरराव म्हणाले, आणि बसले.

ती उठून पायऱ्या उतरू लागली. खाली हळदीकुंकू घेऊन बायका दाटीनं उभ्या होत्या, वाट नव्हती. तिनं एकेकीपुढं कपाळ केलं आणि श्वास जपून, थोडा थोडा घेत राहिली.