एकोणतीसचा पाढा

मनवाला नॉर्वेला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तिथल्या दातांच्या डॉक्टरकडून ती दोनदा पळून आली होती. एकदा तर गळ्यातला निळा कागदी रुमालही न काढता थेट ट्रामपर्यंत. आता अक्कलदाढ सुजून गाल टम्म झाला होता, तापही चढला होता. आज काढली नाही तर पुढची तारीख दीड महिन्यानंतरची.

"वसंत डॉक्टर असतील तरच बसेन," तिने फोनवर सांगून टाकलं.

आता डॉक्टर मुंबईत हिंदमाताला आणि दाढ नॉर्वेत! पण भोईवाड्यात राहणाऱ्या तिच्या आईवडिलांना, पद्मजा आणि रमाकांतना, हा हट्ट बरोबर कळला. लहानपणापासून तिचे दात बघणाऱ्या वसंत डॉक्टरांची एक युक्ती होती. दाढेला हात घातला की ते स्वतः एकोणतीसचा पाढा म्हणत आणि मध्येच मुद्दाम चुकत. पेशंटने चूक पकडून बोट वर करायचं. दुसऱ्याची चूक काढायला मिळाली की मराठी माणूस स्वतःचं दुखणं विसरतो, हा डॉक्टरांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता.

तेव्हा संध्याकाळी सहा वाजता दोघं व्हिडिओ कॉल लावून दवाखान्यात हजर झाले. खुर्चीत माझगावच्या बीट्रिस आंटी तोंडात कापूस धरून बसल्या होत्या. फोनमध्ये मनवा आडवी, शेजारी उंच गोरी डॉक्टरीण. बधिर करायचं इंजेक्शन मनवाने कसंबसं निभावलं होतं. खरी भीती चिमट्याची.

वसंत डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. गणपतीच्या आरत्यांनी घसा पार बसला होता. त्यांनी रमाकांतकडे हात केला.

रमाकांत म्हणजे कचेरीत पस्तीस वर्षांत एक खाडाखोड न केलेला माणूस. छाती काढून त्यांनी सुरुवात केली. "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी." खणखणीत आणि अचूक. पकडायला काहीच मिळेना, तशी मनवाने एक पाय खुर्चीवरून खाली टाकला.

"अहो, चुका ना!" पद्मजा ओरडली.

"चुकू कसा? येतंय मला!"

"लग्नाला बत्तीस वर्षं झाली, एकदा तरी चुका! माझ्यासाठी नको, पोरीसाठी."

रमाकांतनी मनापासून प्रयत्न केला. "एकोणतीस चोक... एकशे... सोळा." चुकीकडे जीभ वळेचना. मनवाचा दुसरा पायही खाली आला. बीट्रिस आंटींनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात तिकडे चिमटा चकाकला. लेकीचा पांढराफटक चेहरा पाहून रमाकांत फोनच्या अगदी जवळ सरकले. इतकी लांब, आणि हात धरायला आपण नाही. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं.

"एकोणतीस पंचे एकशे बहात्तर," ते म्हणाले. अगदी गंभीरपणे. आपण चुकलो हे त्यांना कळलंसुद्धा नाही.

मनवाचं बोट ताडकन वर गेलं. बाबा चुकले! ती आपण होऊन मागे टेकली, आ वासला आणि पुढच्या चुकीची वाट पाहू लागली.

मग रमाकांत सुटलेच. "एकोणतीस सक अडतीस!" बोट वर. "एकोणतीस साती चारशे वीस!" बोट वर, आणि हसून हसून पोट हलतंय. बीट्रिस आंटींचंही बोट वर. वसंत डॉक्टर आवाजाविना खदखदत होते. तिकडची डॉक्टरीण, एक अक्षर कळत नसताना, मास्कमागे हसत दाढ ओढत होती.

"अहो, निघाली दाढ!" पद्मजाने दंड धरून त्यांना हलवलं. "झालं, पुरे आता."

रमाकांतनीही ती पाहिली होती. पण चूक केली की लेकीचं बोट वर येत होतं, आणि ते बघायचं सोडून गप्प बसणं त्यांच्या जिवावर आलं. पाढा दाहेला संपतो. ते डोळे पुसत, धडधडीत चुकत, पार चाळिसापर्यंत गेले.