तळाची ओळ

मी एक जुना प्रिंटर आहे. लमीसच्या लग्नाला सत्तर मुलं आली आणि ती माझ्यामुळे आली. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. तसं अजून काहीही घडलेलं नाही. मी आपली रीतीप्रमाणे जन्मापासून सुरुवात करतो.

जन्म कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही, तेव्हा तो भाग संपला. पुढे अम्मानच्या एका दुकानात सात महिने फळीवर काढले. शेजारचे गुटगुटीत, देखणे प्रिंटर भराभर विकले गेले. मी मागच्या बाजूनं कागद घेणारा, त्यामुळे मला भिंतीपासून हातभर लांब ठेवावं लागतं. एवढ्या कारणावरून मला चौदा गिऱ्हाइकांनी नाकारलं. स्थळं पाहणाऱ्यांचं दुःख मला तेव्हापासून कळतं.

मग जवळच्या सल्त गावाहून रुदैना आली. ती घरी हातानं लग्नपत्रिका करायची. जाड कागद कापायची, त्यावर बदामाची वाळलेली फुलं चिकटवायची, दोरा बांधायची. अक्षरं तेवढी बाहेरून छापून आणावी लागत, आणि ती नेहमी वाकडी येत. तिनं पिशवीतून तीनशे ग्रॅमचा जाडजूड कागद काढला आणि दुकानदाराला सांगितलं, प्रत्येक यंत्रातून हा काढून दाखव, मग बोलू.

"ताई, हा कागद आहे की दार?" दुकानदार म्हणाला.

"दारच आहे. लोक यातूनच लग्नात शिरतात."

पहिल्या यंत्रानं कागद पोटात अडकवला. दुसऱ्यानं चुरगाळला. तिसऱ्यानं बाहेर काढला, पण कौलासारखा वाकवून. त्यांच्या पोटात कागदाला गिरकी घ्यावी लागते, आणि जाड माणसाप्रमाणे जाड कागदही गिरकी घेत नाही. माझ्या पोटात वळणच नाही. कागद मागून सरळ गेला, पुढून सरळ आला. रुदैनानं ओला अंगठा अक्षरांवर घासला. शाई जागची हलली नाही. ती मला त्याच संध्याकाळी घरी घेऊन गेली. सल्तच्या एकशे एकवीस पायऱ्या मी तिच्या दोन भावांच्या खांद्यावरून चढलो. एवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

पहिलंच मोठं काम घरचं निघालं. तिची धाकटी बहीण लमीस हिचं लग्न ठरलं. दोनशे पत्रिका हव्या होत्या. नवरदेवाची आत्या हज्जा रस्मिया हिनं ऐकताच नाक मुरडलं. घरच्या पत्रिका म्हणजे शाळेतलं हस्तकलेचं पाकीट, असं तिचं मत होतं. छापखान्यातून आणा, म्हणाली. शेवटी ठरलं, रुदैनाच्या पत्रिका चांगल्या उतरल्या तर ठीक, नाहीतर छापखाना. गल्लीतल्या तीन घरांत लग्नं होती आणि तिथल्या तिघी आयांचं लक्ष याच निकालाकडे होतं. हे काम फसलं असतं तर रुदैनाकडे पुन्हा कुणी पत्रिकेचं काम दिलं नसतं, आणि मी फुलदाणी ठेवायच्या कामाला लागलो असतो.

हज्जाची अट एकच होती. तळाशी नेहमीची ओळ हवी: 'मुलांचा स्वर्ग म्हणजे त्यांचं घर. तुमच्या चिमुकल्यांना शांत झोप लाभो.' आमच्याकडे ही ओळ नसेल तर पत्रिका अपुरी वाटते. तिचा अर्थ, पोरं आणू नका. हज्जाच्या पुतणीच्या लग्नात एका पोरानं केकचा वरचा मजला एकट्यानं संपवला होता, तेव्हापासून तिची या ओळीवर फार श्रद्धा. लमीसची मात्र पंचाईत झाली. ती पहिलीच्या वर्गाची बाई. वर्गातल्या अडतीस मुलांना तिनं लग्नाला या म्हणून सांगून टाकलं होतं.

रुदैनानं आधी साध्या कागदावर नमुना काढला. हज्जानं चष्मा लावून तळापासून वाचला आणि मान डोलावली. मग जाड कागद आला. आता माझा कबुलीजबाब. जाड कागद सुटायला आला की माझा धीर सुटतो. शेवटची दोन बोटं जागा मी कोरी सोडतो, न जाणो कागद निसटला तर. कुणी म्हणेल मी मुद्दाम केलं. यंत्राला मुद्दाम काही करता येत नाही, मित्रांनो. फक्त घाबरता येतं.

रुदैनानं नावं तपासली, तारीख तपासली, तळाची कोरी जागा पाहिली. तिला वाटलं, फुलाला काय सुरेख जागा सुटली आहे! दोनशे फुलं चिकटली. हज्जाला पत्रिका दाखवली, तर तिनं कागद नखानं वाजवून पाहिला, मोठ्या अक्षरातली नावं वाचली, आणि इतकंच म्हणाली, "फूल बरंय." आमच्यात ही शाबासकी समजतात. भावांनी पत्रिका दारोदार नेऊन दिल्या.

ओळ नाही हे घराघरांत दुसऱ्या मिनिटाला कळलं. दुसरीकडे याला छपाईची चूक म्हणतील. आमच्या गावात तो निरोप ठरला: या लग्नाला पोरांना खास बोलावणं आहे. शिंप्याकडे छोट्या मापांची रांग लागली.

पुढचं मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रुदैना सेजच्या पाल्याचा चहा घेत आईशी बोलत होती तेव्हा कळलं. हॉलच्या दाराशी मुलांची झुंड पाहून हज्जानं पर्समधून पत्रिका काढली आणि ओळ खाली दडली असेल म्हणून फूल उपटलं. खाली कागद होता.

"रुदैना, ओळ कुठाय?"

तेवढ्यात अडतीस मुलं एका सुरात "बाई" म्हणत नवरीवर धावली. लमीसचा गजरा एका खांद्यावर, ओढणी दुसऱ्यावर, आणि ती इतकी हसत होती की ढोलवाल्यानं ताल बदलला. मनसफची, म्हणजे दह्यातल्या मटणभाताची, परात मुलांनी कोपरापर्यंत हात घालून संपवली. केक वाचला, कारण हज्जा स्वतः त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसली. शेवटी दोन-दोन खुर्च्या जोडून पंधरा-वीस पोरं झोपी गेली, आणि हज्जानं आपली शाल त्यातल्या तिघांवर पांघरली.

"शांत झोप लाभो म्हटलं होतं ना," ती रुदैनाला म्हणाली. "लाभली. आता माझ्या धाकट्या भाच्याच्या पत्रिका तूच कर. पण ओळ वर लिही. सगळ्यात वर."

गल्लीतली तिन्ही कामं आली. तिघींनीही फूल हवं म्हटलं, आणि ओळ नको.

आता मला नऊ वर्षं झाली. आमच्यात हे आजोबांचं वय. रुदैना हल्ली प्रत्येक पत्रिकेचा तळ पट्टीनं मोजते. मधल्या दिवसांत माझ्यावर मांजर झोपतं आणि चहाचे पेले विसावतात. मित्रांनो, घरातल्या प्रिंटरला आठवड्यातून एक तरी पान द्या, नाहीतर शाई घशात वाळते. आणि चहा दुसरीकडे ठेवा. बाकी माझं म्हणणं मी लेखी देतो.

प्रति, माननीय व्यवस्थापक, लग्नाचा हॉल, सल्त. विषय: उपस्थितीची परवानगी. महोदय, अर्जदाराने आजवर चार हजारांवर आमंत्रणे छापली असून अर्जदाराच्या नावे एकही आलेले नाही. तरी पुढील लग्नात अर्जदारास विजेच्या बोर्डाजवळील एक खुर्ची, भिंतीपासून हातभर अंतरावर, मंजूर व्हावी. सोबत मुले आणली जातील. कळावे.