आतून न लागणारं दार

मी तंबू बोलतोय. नुसतं ‘तंबू’ म्हटलेलं आमच्या रिसॉर्टच्या मॅनेजरला खपत नाही. ‘ग्लॅम्पिंग सूट’ म्हणायचं. माझ्या पोटात डबल बेड आहे, झुंबर आहे, पितळी पायांचा बाथटब आहे. कापडाच्या अंगावर एवढा थाट म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पण माझं दार चेनचं आहे आणि ते आतून लावून घ्यायची सोयच नाही. बाहेरून कुणीही यावं आणि सर्रकन उघडावं.

जोडप्यांना याचं काही वाटत नाही. एकटी बाई मात्र आल्या आल्या आधी दार चाचपते. मॅनेजरकडे तक्रार करते. मॅनेजर तिला आणखी दोन मऊ उशा पाठवतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

परवा एक नर्स आली, स्वतः गाडी चालवत. महिनाभराची रात्रपाळी संपवून आलेली. घरी दिवसा तिला झोपू कोण देतं? सासूबाईंची औषधं, मुलांचे डबे, सारखी वाजणारी बेल. नवऱ्याशी वाद घालून तिने दोन दिवस मिळवले होते, ते फक्त झोपण्यासाठी.

भर दुपारी तिने पाठ टेकली, तोच वेटर सरबत घेऊन आला. हाक मारता मारताच त्याने चेन उघडली. ती दचकून उठून बसली. थोड्या वेळाने टॉवेलवाला तसाच आत शिरला. दोघांनीही विचारलं, एकट्याच का? मला कापडासकट लाज वाटली.

तिने मॅनेजरला बोलावून अडचण सांगितली. त्याने ताबडतोब माझ्या दाराशी खुर्ची टाकून वॉचमन बसवला. तो खोकायचा, फोनवर मेव्हण्याशी भांडायचा, मधूनच आत डोकावून मॅडम ठीक आहेत ना, विचारायचा. खुंट्या उपटून त्याच्या अंगावर कोसळावं, असं मला वाटत होतं.

ती बाहेर आली आणि तिने मॅनेजरला पुन्हा गाठलं.

“दादा, मला पहारा नको. दार आतून लागू दे, एवढंच.”

“ताई, तुमच्याच काळजीपोटी माणूस बसवलाय.”

“पण दार त्यालाही उघडता येतंच की.”

मॅनेजर विचारात पडला. मग त्याने वॉचमन बदलला. नवा जास्त धिप्पाड होता.

नर्स आत आली. तिने माझ्या पलंगावरची उशी उचलली आणि झाडाखाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीत जाऊन बसली. काचा बोटभर उघड्या ठेवून चारही दारं आतून लॉक केली, सीट मागे पाडली आणि बघता बघता ढाराढूर झोपली. इकडे धिप्पाड वॉचमन रिकाम्या तंबूची राखण करत होता.

संध्याकाळी ती हिशोब चुकता करून निघून गेली. “बायकांचं कितीही करा, समाधान म्हणून नाहीच,” मॅनेजर आचाऱ्याला म्हणाला आणि त्याने माझ्यासाठी मोठा आरसा मागवला.

उद्या आणखी एकजण एकटी येतेय. बाबांनो, आरसा राहू दे, मला आतून एक कडी बसवा. ते जमत नसेल तर घडी घालून गोदामात टाका. एवढे पैसे मोजून कुणाला आपल्याच गाडीत झोपावं लागतं, ते बघायला मला पुन्हा उभं करू नका.