स्ताथिसचे बत्तीस दात

गारूफालियाने नवऱ्याची कवटी लाल वाइनने धुतली, पुसली, कपाळाचा मुका घेतला आणि तेव्हाच तिला ते दात दिसले. वर सोळा, खाली सोळा. मक्याच्या कणसासारखे भरगच्च.

गावच्या रीतीप्रमाणे पाच वर्षांनी थडगं उघडलं होतं. हाडं धुवायची, पेटीत भरायची, चर्चमागच्या अस्थिघरात ठेवायची. सगळं यथासांग चाललं होतं. नणंद पानागूला शेजारी बसून विलाप गात होती.

"पानागूला, तुझ्या भावाला शेवटी एक तरी दात उरला होता का गं?"

"मातीत सगळं सुधारतं, वहिनी," असं म्हणून पानागूलाने पुन्हा सूर लावला.

दात कसले सुधारतात? शेवटची दहा वर्षं स्ताथिस पाव वाइनमध्ये बुडवून खायचा. पण चार बायका ऊर बडवत असताना 'हा माझा नव्हे' असं म्हणायला गारूफालियाची जीभ रेटेना. नाव घातलेली पेटी फळीवर गेली आणि ती घरी आली. मनात मात्र भुंगा सुरू झाला. हा कोण? आणि मग माझा कुठाय?

एक गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. पहिल्याच हिवाळ्यात बर्फाने सरूची फांदी मोडून स्ताथिसचा लाकडी क्रूस उखडला होता. तो तिनेच अंदाजाने परत रोवला होता. तिचा अंदाज मिठाच्या बाबतीत पक्का, एवढंच.

जुन्या हाडांबद्दल विचारायचं तर एकच माणूस होतं. अथेन्सची पोलिक्सेनी तीन उन्हाळे गावात राहून स्कीरासोस नावाचं प्राचीन शहर शोधत होती. जुन्या ग्रंथांत त्याचं नाव यायचं, जमिनीवर मागमूस नव्हता. कॉफीच्या दुकानात पुरुष तिची टर उडवायचे: "बाई, आमची शेळी हरवली तर संध्याकाळपर्यंत सापडते. तुमचं अख्खं शहर कसं हो हरवलं?" आता तिचा खोदकामाचा परवानाही संपत आला होता. पण तिला सांगायचं म्हणजे जुनं काही निघालं की सरकार दफनभूमीला दोरी बांधून खणणं बंद करणार, आणि स्ताथिस असेल तिथे खालीच राहणार. गारूफालिया तीन दिवस घुटमळली. चौथ्या दिवशी उठून गेलीच.

पोलिक्सेनीने सगळं ऐकून घेतलं. "काकू, खड्ड्यात आणखी काही होतं?"

"काही नाही गं. फुटकी कौलं. एक बरं निघालं, ते कोंबड्यांना पाणी प्यायला ठेवलंय."

पोलिक्सेनी जी पळत सुटली, ती थेट खुराड्यापाशी. तिने कौल उपडं करून सरळ शर्टाच्या बाहीने विष्ठा पुसली. भाजलेल्या मातीत अक्षरांचा ठसा होता. ती अक्षरं बोटाने चाचपत राहिली, आणि मग कोंबड्यांमध्येच फतकल मारून बसली.

"स्कीरासोसची सरकारी कौलं आहेत ही, काकू. अशा कौलांनी तेव्हा मढं झाकत. तुमची दफनभूमी त्यांच्याच दफनभूमीवर आहे."

"असू दे. आधी माझा माणूस शोधायचा, मग तुझं शहर. नाहीतर कौल कोंबड्यांचं आहे."

पोलिक्सेनी बाही झटकत उठली. "चला, खड्डा दाखवा."

दोन दिवस खुरपी आणि कुंचले चालले. गारूफालिया काठावर बसून राहिली, जेवायलासुद्धा उठली नाही. हातभर डावीकडे स्ताथिस निघाला. बोळका जबडा, लग्नातली अंगठी.

"इथे होय रे, मेल्या!" ती रडत रडतच ओरडली. "आणि मी इतकी वर्षं शेजाऱ्याच्या उशाशी दिवा लावतेय!"

शेजाऱ्याच्या खड्ड्यात मातीचा एक पेलाही मिळाला. त्यावर टोकदार कशाने तरी ओरखडलं होतं: मी तिमांद्रोसचा.

तिमांद्रोसला स्ताथिसच्या पेटीतून काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं, वर क्रमांक लिहिला. तो संग्रहालयात जाणार होता. गारूफालियाला वाईट वाटलं, अगदी मनापासून. वाइनने न्हाऊ घातलेला माणूस आता परका कसा म्हणायचा?

मृतांच्या शनिवारी तिने उकडलेल्या गव्हाचं ताट नेलं आणि आपल्या मेलेल्यांच्या नावांची चिठ्ठी धर्मगुरू थानासींच्या हातात दिली. चर्च भरलं होतं. ते मोठ्याने वाचू लागले. आई, बाप, स्ताथिस. मग थबकले.

"हे कोण, गारूफालिया?" चष्म्यावरून बघत ते हळूच म्हणाले. "बाप्तिस्मा झालेला दिसत नाही."

"ख्रिस्ताचा जन्म व्हायच्या आधीचा आहे, फादर. वाचा."

मागच्या बाकावर पोलिक्सेनी पुढे वाकून ऐकत होती. थानासींनी वेदीकडे पाहिलं, गारूफालियाकडे पाहिलं, घसा खाकरला.

"तिमांद्रोस," त्यांनी खणखणीत आवाजात नाव घेतलं. "स्कीरासोसचा."