बावीस टायरांचे एकमत

“गाडी क्रमांक चाळीस डेपोबाहेर पडण्यापूर्वी तिच्या बावीसही टायरांतील हवेचा दाब मोजण्यात आला. तो प्रत्येकी एकशे पंधरा पौंड भरला. चालकाने कोणतीही तक्रार केली नाही. सबब, अपघाताची जबाबदारी सर्वस्वी चालकावर येते.”

तांब्याच्या खाणींच्या मुलखातल्या एन्डोला शहरातील एका वाहतूक कंपनीच्या सुरक्षा विभागाने लिहिलेल्या या चार वाक्यांच्या बळावर वेडसन सिमुकोंडा यांना बडतर्फ करण्याचे जवळजवळ ठरले होते. सत्तावीस वर्षे त्यांनी तांब्याच्या लाद्या दार-एस-सलामच्या बंदराला पोचवल्या. शेवटच्या फेरीत, सेरेन्जे गावाच्या पुढे, ट्रेलरचा एक टायर फुटला, गाडी कलंडली आणि त्यांच्या खांद्याचे हाड मोडले. बडतर्फीच्या कागदावर ‘निष्काळजीपणा’ हा शब्द एकदा पडला की साठीला आलेल्या माणसाच्या हाती दुसरा कोणता मालक गाडी देणार? चालकांच्या संघटनेने त्यांची बाजू मांडायला मला पाठवले. मी तीस वर्षे पुराव्याचा कायदा शिकवला होता आणि माझ्या दुपारी रिकाम्या होत्या.

त्या चार वाक्यांतले पहिले आणि दुसरे एकत्र वाचावे. बावीस टायर, काही नवे, काही झिजल्यावर दोनदा नवी नक्षी चढवलेले, काही दुसऱ्या गाडीवरून काढून आणलेले. या सर्वांनी एका पहाटे एकाच आकड्यावर एकमत केले. धर्मसभांचे इतिहास मी पुष्कळ वाचले आहेत. असे एकमत तिथेही बंदुकीशिवाय झालेले नाही. तपासणीच्या तक्त्यावर वेळही होती: पाच चाळीस ते पाच बावन्न. बारा मिनिटांत बावीस टायर, त्यांतले दहा जोडचाकांच्या आतल्या बाजूचे.

चौकशी समितीची तिसरी बैठक ऑक्टोबरमधल्या एका दुपारी डेपोच्या कचेरीत झाली. पंखा फिरत होता, वारा येत नव्हता. हात गळ्यात बांधलेले सिमुकोंडा आता प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देऊ लागले होते, कारण प्रश्न तेच होते. त्यांनी पुन्हा सांगितले. पूर्वी प्रत्येक चालक निघण्याआधी टॉमीने, म्हणजे लोखंडी कांबेने, एकेक टायर ठोकत गाडीला फेरी मारी. भरलेला टायर टॉमी परत फेकतो, उतरलेला ती गिळतो. वर्षभरापूर्वी कंपनीने परिपत्रक काढून ही पद्धत अशास्त्रीय ठरवली आणि तपासनिसांच्या हाती हवेचा दाब मोजायचे गेज दिले. तरीही त्या पहाटे त्यांनी लपूनछपून फेरी मारलीच. ट्रेलरच्या मधल्या आसाच्या डाव्या बाजूच्या आतल्या टायरने टॉमी गिळली. त्यांनी ते तपासनीस लुबिंडाच्या कानावर घातले. तो बॉनेटवर तक्ता ठेवून लिहीत होता. आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या नावाआधी आदराने ‘बा’ लावतात, तेवढे लावून तो म्हणाला:

“बा सिमुकोंडा, टायर तुमच्याशी बोलत असेल. माझ्याशी फक्त गेज बोलतं. करा सही, मागं रांग लागलीय.”

त्यांनी सही केली. का केली, हे अध्यक्षा नाम्फुक्वेबाईंनी तिसऱ्यांदा विचारले.

“सही नाही तर फेरी नाही, बाई. मी नसतो गेलो तर दुसरा कुणी गेला असता. टायर तोच राहिला असता.”

लुबिंडाने हे संभाषण झालेच नाही असे सांगितले. पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, सभ्य माणूस. प्रत्येक टायर आपण स्वतः मोजला, असे तो म्हणाला, आणि मला वाटते त्या क्षणी त्याला ते खरेही वाटत असावे. तक्ते रोज भरणाऱ्याचा तक्त्यांवर विश्वास बसतो. बाईंनी घड्याळाकडे पाहिले. मी एवढेच मागितले की बैठक दहा मिनिटे मागच्या आवारात भरवावी.

तिथे मोडका ट्रेलर आणून टाकला होता. मधल्या आसाची डावी जोडी जशीच्या तशी होती: बाहेरचा टायर धड, आतल्याच्या चिंध्या. कसे मोजलेत ते दाखवा, असे मी लुबिंडाला म्हटले. तो उकिडवा बसला आणि बाहेरच्या चाकाच्या भोकातून गेज आत घालू लागला.

जोडचाके बसवताना आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह बाहेरच्या चाकाच्या भोकासमोर येईल अशी ती फिरवून घ्यावी लागतात. या डेपोत ती जशी हाती येतील तशी चढवतात. फिरवायला दोन माणसे लागतात आणि दुसरा माणूस कुठेतरी दुसरे चाक चढवत असतो. इथे आतला व्हॉल्व्ह भरीव लोखंडामागे होता. लुबिंडाचा हात मनगटापर्यंत गेला आणि थांबला. त्याने दुसरे भोक पाहिले, मग तिसरे. बाहेरचे चाक उतरवल्याशिवाय त्या टायरची हवा कोणालाही मोजता आली नसती, आणि ते उतरवायला दहा नट खोलावे लागले असते. नटांवरचा गंज अखंड होता. कित्येक आठवडे त्यांना पाना लागलेला नव्हता.

सिमुकोंडा एका पालथ्या पिंपावर बसले होते. ते हसले नाहीत. पाणी मिळेल का, एवढेच त्यांनी विचारले. मलाही जिंकल्यासारखे वाटले नाही. आवारात अशा चाळीस गाड्या उभ्या होत्या, आणि त्यांतल्या सहा संध्याकाळच्या आत निघणार होत्या.

आम्ही पुन्हा पंख्याखाली येऊन बसलो. बाईंनी लुबिंडाला सावकाश बोलायला सांगितले, म्हणजे कारकुनाला शब्दन् शब्द उतरवता येईल. इतिवृत्तात तो जबाब असा आहे:

“त्या जोडीचा आतला टायर मी मोजला नाही. तिथं हातच पोचत नाही. बाहेरच्याचा आकडा आतल्यालाही लिहायचा, हे मला इथं लागलो त्याच दिवशी शिकवलं. रकाना रिकामा राहिला तर फाटक उघडत नाही. त्या दिवशी मी बाहेरचाही मोजला नव्हता. बा सिमुकोंडांनी टायर ठोकून बघितला होता, मला येऊन सांगितलं होतं, आणि मीच त्यांना सही करायला लावली.”