अकरा वाजता लागणारं कुलूप

मी कुलूप बोलतोय. तुटलोय, त्यामुळे आवाज जरा खरखरीत येईल, सांभाळून घ्या. कडी एकीकडे आणि धड एकीकडे, अशा अवस्थेत सध्या मी अकोल्यातल्या एका पाच मजली इमारतीत, सोसायटीच्या मीटिंगच्या टेबलावर पडलेलो आहे. जे झालं त्याला आठ दिवस होऊन गेले. पण बापा रे, माझ्या अंगातलं कापरं काही जात नाही.

माझा जन्म अलीगढचा. पितळी पोट, पोलादी कडी. तिथून खोक्यात बसून अकोल्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात आलो. दुकानदार मला काउंटरवर आपटायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "हातोडा तुटन भाऊ, पन हे तुटनार नाई!" ते ऐकून माझी छाती फुगायची. आपण पक्के, आपण कोणाचं ऐकत नाही, याचाच मला तेव्हा मोठा तोरा होता.

मला विकत घेतलं ते पंजाबरावांनी. पंजाबराव म्हणजे आमच्या इमारतीचे सचिव, अकोटकडच्या एका शाळेतून रिटायर झालेले हेडमास्तर. इमारतीत वीस घरं आणि गच्ची एकच. उन्हाळा लागला की त्या गच्चीवरून भांडणं ठरलेली. कोणाचे पापड, कोणाची धुणी, कोणाच्या गाद्या. लोक झोपायला बाजा ओढत न्यायचे, त्यानं वरचं वॉटरप्रूफिंग उखडलं. पाचव्या मजल्यावरच्या दुर्गाबाईंच्या बेडरूमचं छत पावसाळाभर गळलं. त्यांनी मीटिंगमध्ये बादली आणून सगळ्यांसमोर आपटली. "तुमच्या पापडांपायी मी काहून रात्रंदिवस बादल्या उचलू? कुलूप लावा म्हन्तो मी गच्चीले!" वऱ्हाडात बायाही 'म्हन्तो', 'करतो' असंच बोलतात.

त्यांचं चुकलं होतं का? नाही हो. मी त्यांचं छत पाहिलेलं नाही, पण त्यांचा चेहरा पाहिलाय.

मग नियम झाला. गच्ची सकाळी सहा ते अकरा उघडी. एका दिवशी एकाच मजल्यानं वाळवण घालायचं. अकराला पंजाबराव जिन्यात उभे राहून शाळेतली शिट्टी तीनदा वाजवणार, खाली या म्हणून. मग कुलूप. चाव्या दोन, दोन्ही पंजाबरावांकडे.

मला हे सगळं फार आवडलं, खोटं कशाला बोलू? अकरा म्हणजे अकरा. एकदा दुसऱ्या मजल्यावरचे किशोरभाऊ पाच मिनिटं उशिरा आले, गादी वर राहिली म्हणून हात जोडायला लागले. पंजाबराव म्हणाले, "नियम म्हंजे नियम, किशोर. उद्या सहाले या." ती गादी दिवसभर तापली आणि कबुतरांनी तिचं पार वाटोळं केलं. मी दारावर लटकून मनातल्या मनात हसलो. आता ते हसणं आठवलं तरी लाज वाटते.

त्या गुरुवारी तिसऱ्या मजल्याची पाळी होती. तिसऱ्या मजल्यावर रूपाली राहते, बँकेत नोकरीला आहे. उन्हाळ्यापुरती तिची आई तिच्याकडे आली होती, वलगावहून. माणिकबाई नाव. जन्मभर भाजीचा मळा केलेली बाई, घरात नुसतं बसून राहणं तिला जमेना. लेकीसाठी कुरोड्या, म्हणजे कुरडया, करायला घेतल्या. तीन दिवस गहू भिजवला, चीक काढला, पहाटे उठून शिजवला आणि सहाच्या ठोक्याला सोऱ्या घेऊन गच्चीवर हजर. जाताना माझ्याकडे पाहून म्हणाली, "लय मोठं कुलूप हाय वं माय, सोनंगिनं ठेवलं का वरतं?" मला ती बाई आवडली होती.

आता इथं नीट ऐका. वऱ्हाडात मे महिन्यात माणूस उन्हात जाताना आधी कान बांधतो. ओल्या पंच्यानं, दुपट्ट्यानं, आवळून. लू, म्हणजे गरम वारं, कानातून शिरते म्हणतात. माणिकबाईंनीही बांधले होते. पुढच्या कुरोड्या वाळल्या, पण पाण्याच्या टाकीमागच्या अजून खालून ओल्या होत्या. म्हणून त्या उलटवून ती टाकीच्या सावलीत जराशी टेकली. पंजाबरावांना त्या दिवशी अकोटला पुतणीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, जायचं होतं, खाली गाडी उभी होती. त्यांनी जिन्यातूनच तीन शिट्ट्या दिल्या, दार ओढलं, मला लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि निघाले. दाराच्या आत एक पाऊल टाकलं नाही त्यांनी. कधीच टाकत नसत.

आणि मी? मी खटकन् बंद झालो. नेहमीसारखा, खुशीत.

थोड्या वेळानं आतून दार हललं. आधी हळू. मग, "अवो, कोन हाय? दार लागलं वाटते. अवो, मी अंदर हावो!"

मी हादरलोच. आत माणूस आहे! मी माणसावर बंद झालोय! अहो, मी चोरासाठी होतो ना, पापडासाठी होतो ना!

ती ओरडत होती. पण त्या वेळी आमच्या इमारतीत वीस घरांत वीस कुलर चालू होते. कुलर चालू असला की शेजारच्या खोलीतलं माणूस ऐकू येत नाही, तिथं गच्चीवरचं कोणाला येणार? फोन तिचा खाली चार्जिंगला. लेक बँकेत. ती कठड्यापाशी जाऊन खाली हाका मारून आली, पण दुपारच्या त्या पंचेचाळीस डिग्रीत रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. परत आली, दार वाजवू लागली. पत्र्याचं दार ते, तव्यासारखं तापलेलं. तळहात पडला की ती "आई गं" म्हणायची, आणि तरी पुन्हा मारायची. बारानंतर टाकीची सावलीही गेली, आणि टाकीला वर नळ नव्हता. प्रत्येक धक्का माझ्या कडीत यायचा. मी उघडायचा प्रयत्न केला, खरंच केला. पण कुलपाला स्वतःहून उघडता येत नाही हो.

एक वाजता लाइन गेली. एकदम सगळे कुलर बंद पडले आणि इमारतीत शांतता झाली. तेव्हा कुठं पाचव्या मजल्यावर कोणीतरी म्हणालं, "वरतं काई वाजून राहिलं का?"

लोक वर आले. मला वाटलं, सुटलो. सुटली बाई. किशोरभाऊंनी पंजाबरावांना फोन लावला, स्पीकरवर. "सर, गच्चीवर कोनतरी अटकलं."

"कोनी असूच शकत नाई," तिकडून पंजाबराव म्हणाले. मागं साक्षगंधाचा गलका. "मी तीन शिट्ट्या देल्या. वांदरं असतीन. कुलूप तोडू नोका, सोसायटीची वस्तू हाय. मी निघतो, तासाभरात येतो."

आतून आवाज आला, "पानी..."

"सर, बाईचा आवाज हाय!"

"मंग अध्यक्षांले इचारा. असं कोनाच्याही सांगन्यावरून तोडता येत नाई."

अध्यक्ष पुण्याला लेकाकडे. त्यांचा फोन लागेना. आणि मग जे झालं ते मी डोळ्यांनी... म्हणजे मला डोळे नाहीत, पण माझ्यासमोर झालं. ती बारा-तेरा माणसं उभी राहिली. नुसती उभी! एक जण म्हणाला, ग्रुपवर टाका, मेंबर लोक हो म्हणाले की तोडू, म्हणजे उद्या कोणी बोलणार नाही. टाकलं. कोणी अंगठा पाठवला, कोणी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, कोणी विचारलं, कोणत्या फ्लॅटची बाई? खाली हातोडी आणायला एक जण गेला तो जाताना म्हणाला, "आनून ठेवतो, पन मारनार नाई बरं मी." दारापलीकडे माणूस सुकून राहिलंय आणि हे फोनमध्ये मतं मोजताहेत! अरे तोडा ना मला, तोडा! मी किंचाळत होतो. वीस-पंचवीस मिनिटं गेली अशी. आतलं वाजणं थांबलं.

तेव्हा दुर्गाबाई आल्या. झोपेतून उठून, केस मोकळे, आणि हातात पाट्यावरचा वरवंटा. "सरका," म्हणाल्या.

"दुर्गाबाई, परवानगी..."

"हे कुलूप माह्याच बोंबलन्यापायी आलं नं? मंग मीच तोडतो. सरक रे बाप्पा!"

पहिल्या घावाला मी वाकलो. ज्या पक्केपणाचा मला तोरा होता तो मला त्या दिवशी नको नको झाला होता. चौथ्या घावाला कडी निघाली. मार खाताना एवढं बरं कोणाला वाटलं असेल असं मला नाही वाटत.

माणिकबाई दारालाच टेकून पडली होती. दुर्गाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदर ओला करून तोंड पुसलं. "मावशी, वो मावशी, डोये उघडा." डोळे उघडले. जिवंत होती.

पाच दिवस ती दवाखान्यात होती. वाचली. दोन्ही तळहात मात्र भाजलेले.

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही वाटलं. पण आज मीटिंग आहे आणि मी इथं पुरावा म्हणून ठेवलेला आहे. विषय पहिला, सोसायटीचं कुलूप विनापरवानगी तोडल्याबद्दल दुर्गाबाईंना लेखी ताकीद. विषय दुसरा, अकरानंतर गच्चीवर थांबल्याबद्दल रूपालीच्या फ्लॅटला ताकीद. विषय तिसरा, नवीन कुलूप.

पंजाबरावांनी तिन्ही विषय एका दमात वाचले. भ्यालेत ते. चूक झाली हे दोन शब्द त्यांच्या तोंडातून निघेनात, म्हणून ते नियम वाचत होते. दुर्गाबाई म्हणाल्या, "लिहा माह्यं नाव. पुन्हा वेळ आली तं पुन्हा तोडीन," आणि उठून गेल्या.

माणिकबाई लेकीबरोबर आली होती, दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या. ती उभी राहिली. मला वाटलं, आता ही बोलेल, ऐकवेल सगळ्यांना. ती म्हणाली, "मास्तर, चुकलं माह्यं. तुमचा नियम मोडला मी. पोरीले काई नोका म्हनू." हात जोडायला गेली, पट्ट्यांमुळे जोडता येईनात. अहो, तिनं माफी मागितली! आणि पंधरा माणसांतून एकानंही म्हटलं नाही की बाई, बसा, माफी आम्ही मागायची आहे.

पंजाबराव खाली मान घालून म्हणाले, "ठराव मान्य असनाऱ्यानं हात वर करा."

हात वर झाले. कोणी पटकन, कोणी शेजाऱ्याकडे पाहून. पंजाबराव मोजत आले, अकरा, बारा, तेरा, आणि थांबले. पुढचा हात माणिकबाईंचा होता. सगळे करताहेत म्हणून तिनंही आपला पट्टी बांधलेला हात वर केला होता.

पंजाबरावांनी त्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाहुण्याचं मत धरता येत नाई, बाई. हात खाली घ्या."

"हाव का? चुकलं," म्हणत तिनं हात खाली घेतला.

माझ्या शेजारी टेबलावर नवीन कुलूप ठेवलंय, खोक्यातून नुकतंच काढलेलं. माझ्यापेक्षा मोठं आहे. चाव्या त्याच्याही दोनच. मघाशी त्यानं मला विचारलं, "काय काम असते हो इथं?" त्याला म्हटलं, बाबा, तुला जे लावायला येतील ना, त्यांना म्हणता आलं तर एवढंच म्हण, आधी आत जाऊन पाहा. मला म्हणता आलं नाही.